टायर मोठे केले आणि गाडी ओढेना

(चाकाचा क्लोजअप. जमिनीवर खडूची रेघ, टायरच्या तळाशी तशीच दुसरी.)

टायरवर खडूने एक खूण करायची, तिच्या बरोबर खाली जमिनीवर एक रेघ मारायची आणि गाडी हळूहळू पुढे ढकलायची. टायरवरची खूण गोल फिरून परत तळाला आली की तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे चाकाचा एक फेरा. या पिकअपला मूळ टायर होते २६५/७० आर १७, कागदावर उंची ८०३ मिलिमीटर, म्हणजे ३१.६ इंच, आणि एक फेरा २ मीटर ५२ सेंटिमीटरचा. आता त्याच गाडीला ३५ इंची टायर लावले तर तोच फेरा २ मीटर ७९ चा होतो. गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो म्हणून प्रत्यक्ष टेप लावली की दोन्ही आकडे जरा कमी भरतात, फरक मात्र जवळपास तेवढाच निघतो.

सत्तावीस सेंटिमीटर. भानगड सगळी इथे आहे, कारण प्रत्येक फेऱ्याला गाडी आधीपेक्षा साधारण ११ टक्के जास्त पुढे जाते, आणि हे काम इंजिनकडून करून घेताना इंजिनला कोणी विचारलेलं नसतं.

(मागच्या ॲक्सलचं हौसिंग उघडलेलं. क्राऊन आणि पिनियन.)

मागच्या हौसिंगमध्ये दोन गिअर असतात, छोटा पिनियन आणि मोठा क्राऊन. इथे पिनियनला ११ दात, क्राऊनला ४१. एक्केचाळीस भागिले अकरा, म्हणजे ३.७३, हाच गिअर रेशो. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणारा दांडा, पावणेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. टायर बदलले म्हणून दात काही कमी होत नाहीत, पण उंच टायरमुळे त्या ३.७३ ची रस्त्यावरची किंमत होते ३.३७. सायकल वरच्या गिअरमध्ये अडकून बसलीय आणि समोर चढ आलाय, तसं काहीसं. पाय तेच, ताकद तीच, पण पायडल फिरवता फिरत नाही.

इथे लोक हमखास चुकतात. गाडी सुस्त वाटायला लागली की म्हणतात इंजिनचा जोर गेला, मग एअर फिल्टर बदला, सायलेन्सर बदला, कॉम्प्युटर ट्यून करून घ्या, खर्चावर खर्च. इंजिनला काहीही झालेलं नसतं हो, ते फक्त चुकीच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाच्या चुकीच्या फेऱ्यांना, फिरत असतं. आधी १०० च्या स्पीडला, टॉप गिअर ०.७० चा (इंजिनच्या ०.७० फेऱ्यात शाफ्टचा एक फेरा) धरला तर, इंजिन साधारण १७२५ ला फिरायचं, आता १५६० च्या आसपास फिरतं. ऐकायला बरं वाटतं, आरपीएम कमी म्हणजे डिझेल वाचलं! सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीला, वारा नसताना वाचेलही थोडं. पण बऱ्याच टर्बो डिझेल इंजिनांचा खरा जोर १६०० च्या पुढेमागे सुरू होतो, त्याच्या खाली टर्बोला पुरेसा दाब करता येत नाही, मग जराशा चढालाही ॲक्सिलरेटर खोल दाबावा लागतो आणि वाचलेलं सगळं तिथे परत जातं.

मायलेजचा हिशोबही आता फसवा होतो. स्पीडोमीटर मूळ टायरच्या हिशोबाने चालतो, तो १०० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ११० च्या वर पळत असते, आणि ओडोमीटरवर ४०० किलोमीटर दिसले तेव्हा गाडी ४४३ चाललेली असते. म्हणजे मायलेज दिसतं त्याहून थोडं बरं असतं, आणि स्पीड दिसतो त्याहून जास्त असतो. नव्या गाड्यांत कॉम्प्युटरमध्ये टायरचा साइज भरून हे दुरुस्त होतं, आणि ते करून घ्यावंच, कारण ऑटोमॅटिकला गिअर कधी बदलायचा हे ठरवतानाही स्पीड लागतो.

आता वजन. वजनाने गिअर रेशो बदलत नाही, एवढं डोक्यात पक्कं ठेवा, कारण दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बोलायची सवय लागलीय. टायरमुळे इंजिनचा जोर रस्त्यावर कमी पोचतो, वजनामुळे ओढायचं ओझं वाढतं, आणि ज्याने मोठे टायर लावलेत तो बहुतेक वेळा लोखंडी बंपर, विंच, खालच्या संरक्षक प्लेटा, हौद्यात पाण्याची टाकी, छतावर तंबू असं सगळं लावूनच थांबतो, म्हणजे एका बाजूने जोर कमी पोचतो आणि दुसऱ्या बाजूने मागणी वाढते.

किती वाढते ते बघू. तीन टनाची गाडी, ६ टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सहा मीटर वर, आणि स्पीड ८०. निव्वळ वर चढायलाच साधारण ३९ किलोवॅट लागतात, टायर लोळवण्याचे दहाएक वेगळे, हवेचे आणखी वेगळे. त्यात अर्धा टन सामान टाकलं की अजून आठ किलोवॅट, म्हणजे अकराएक हॉर्सपॉवर, आणि हे सेकंदभरासाठी नाही, चढ संपेपर्यंत. इंजिनजवळ तेवढी पॉवर असते, पण वरच्या आरपीएमला. आणि आपण टायरने आरपीएम खाली आणून ठेवलाय.

मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काय करणार, एक गिअर खाली टाकणार. जुन्या चार गिअरच्या बॉक्समध्ये चौथा ०.७० आणि तिसरा १.०० असा असायचा, म्हणजे एका उडीत आरपीएम ४३ टक्के वर. इंजिन ओरडतं, स्पीड वाढतो, बॉक्स परत चौथ्यात, इंजिन दबतं, परत तिसऱ्यात. पूर्ण चढभर हाच खेळ. त्यात टॉर्क कन्व्हर्टरचं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या ऑइलवर चालणाऱ्या जोडाचं, लॉक सुटतं, मग ऑइल घुसळून घुसळून तापतं, आणि ऑटोमॅटिकचा खरा शत्रू ही उष्णताच आहे. मॅन्युअलवाल्याचा त्रास वेगळा. चढावर गाडी उचलताना क्लच जास्त वेळ अर्धा धरावा लागतो, मग जळका वास येतो, तो ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही.

दहा गिअरचे बॉक्स २०१७ पासून पिकअपमध्ये आले, फोर्ड आणि जनरल मोटर्सने मिळून केलेलं डिझाइन, त्यात पहिला गिअर ४.७० च्या जवळ आणि मधल्या उड्या लहान. अशा गाडीला ३३ इंची टायर लावले तर बॉक्स ते बरंचसं निभावून नेतो आणि क्राऊन पिनियन बदलायचा खर्च मला तरी उगाच वाटतो. चार-पाच गिअरच्या गाडीला ३५ इंची लावून तसंच चालवणं मात्र नको.

टायरचं स्वतःचं वजनही आहेच. जाड साइडवॉलचा ३५ इंची टायर मूळ टायरपेक्षा दहा-बारा किलोने सहज जड असतो, आणि ते वजन बाहेरच्या कडेला असतं, म्हणून गाडी वेग घेताना ते पुढेही न्यावं लागतं आणि गरगरवावंही लागतं, कडेचा एक किलो हौद्यातल्या जवळपास दोन किलोंसारखा वागतो. एकसारख्या स्पीडला हा दुपटीचा हिशोब लागू होत नाही. ब्रेकला मात्र होतो, शिवाय उंच टायरमुळे तेवढ्याच पॅडचा रस्त्यावरचा जोर दहा टक्क्यांनी कमी पडतो. पाटे जाड करून गाडी उचलणारे भरपूर भेटतात, ब्रेककडे बघणारे फारच कमी. आणि पाटे जाड केले म्हणून कंपनीने ठरवलेली वजनाची मर्यादा वाढत नाही, क्राऊन पिनियन बदलूनही वाढत नाही.

मग उपाय? क्राऊन पिनियनचा सेट बदलायचा. ३.७३ ला ३५ भागिले ३१.६ ने गुणलं की येतात ४.१३, जवळचा सेट ४.१०, गाडी जवळजवळ मूळ वागणुकीवर येते, १०० ला आरपीएम परत सतराशेच्या घरात. पण गाडी कायम भरलेलीच असेल किंवा मागे ट्रेलर असेल तर एक पायरी पुढे जाऊन ४.५६ घ्यावा असं माझं मत, आरपीएम १९०० च्या आसपास जातो, हायवेवर जरा आवाज येतो, पण चढावर गिअरबॉक्स शांत बसतो. फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही सेट सारखेच लागतात, नाहीतर फोर व्हीलमध्ये टाकल्याबरोबर दोन ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी, भरडून निघते.

(दातांवर पिवळी पेस्ट. मेकॅनिक क्राऊन हाताने फिरवतोय.)

हे काम घाईचं नाही. दातांना पिवळी पेस्ट लावून क्राऊन फिरवला की दात दाताला कुठे टेकतो त्याचा ठसा उमटतो, तो ठसा दाताच्या मध्यावर हवा. वर किंवा खाली सरकला असेल तर पिनियन परत काढा, शिम (जागा जुळवायची पातळ चकती) बदला, परत प्रेस करा, परत बघा. दोन दातांमधला प्ले, म्हणजे मोकळी जागा, मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढा. जास्त राहिला तर गाडी सोडताना खट्ट आवाज येतो, कमी राहिला तर सेट तापून जातो.

नवा सेट बसला की पहिल्यांदा वीसएक किलोमीटर हलक्या पायाने चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची, पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर लावायचा नाही, मग ऑइल बदलायचं. त्या पहिल्या ऑइलमध्ये धातूची बारीक चमक दिसते, ती दिसणारच. पुढच्या वेळेलाही तेवढीच दिसली तर हौसिंग परत उघडा.