पाटीच्या आधी पुस्तक

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे लेकराच्या हातात पहिलं पुस्तक कधी पडतं? बहुतेक घरांत पहिलीत, आणि तेही अभ्यासाचं. त्याच्या आधीच्या पाच-सहा वर्षांत घरात गोष्टींची दोन-चार पुस्तकं असावीत, ती लेकराच्या मालकीची असावीत आणि फुकट मिळालेली असावीत, असं माझं म्हणणं आहे. फुकट एवढ्यासाठी, की तेल-मीठ आणायचं का पुस्तक, असा प्रश्न रोजंदारीवरच्या मायबापाला घालण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतली गायिका डॉली पार्टन टेनेसीच्या डोंगराळ मुलखात, गरिबाघरी, बारा भावंडांत वाढली. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ती सल मनात धरून तिनं १९९५ साली आपल्या सेव्हिअर काउंटीत योजना काढली. मूल जन्मल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक टपालानं घरी, पाकिटावर नाव लेकराचं. आज ही योजना पाच देशांत चालते आणि २० कोटींहून जास्त पुस्तकं वाटून झालीत. इंग्लंडात बर्मिंगहॅमला १९९२ पासून तपासणीला आलेल्या बाळांना पुस्तकांची पिशवी द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत हेच करता येईल. आया, आज्या, लेकरं सगळी तिथंच असतात.

आता तुम्ही म्हणाल, घरात वाचणारंच कुणी नाही, पुस्तक देऊन काय होणार?

मी पाहिलेलं सांगतो. औसा भागातल्या एका ओसरीवर अंगठेबहाद्दर आजी नातीला मांडीवर घेऊन बसलेली. पुस्तकात शेळीचं चित्र. आजी विचारते, "ही काय करायली, सांग बरं?" नात म्हणते, "पाला खायली." मग आजीची गाडी सुटली. आपली शेळी कशी दावं तोडून शेजाऱ्याच्या तुरीत शिरली, मग काय भांडण झालं, सगळं आलं. पानावर ओळी चार आणि गोष्ट पाऊण तासाची! नातीनं मधेच पान उलटलं तर आजीनं तिचा हात धरून परत मागं आणलं, कारण भांडण अजून मिटायचं होतं. मी याला वाचनच म्हणेन. तिसरी-चौथीतलं भावंड असेल तर अक्षरं ते वाचून दाखवतं, आणि त्याचाही सराव होतो.

पुस्तक फाटणार, कोपरे चावले जाणार. चालायचंच. फाटलं की हिशेब द्यावा लागतो म्हणून कित्येक शाळांत गोष्टींची पुस्तकं पेटीत कुलूपबंद असतात. घरच्या पुस्तकाला स्टॉक रजिस्टर नसतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

बीड-धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघतात. अंगणवाडी मागं राहते, लेकरू कोयत्याबरोबर, म्हणजे तोडणीला निघालेल्या मायबापाबरोबर जातं, नाहीतर आजीपाशी राहतं. भांड्याकुंड्यांच्या बोचक्यात पातळसं पुस्तक कुठंही मावतं. फडावर संध्याकाळी आई दमलेली असते, रोज वाचून दाखवेल अशी अपेक्षा मी करणार नाही. पण चित्रं बघायला लेकराला कुणाची परवानगी लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथम बुक्सची छोटी मराठी पुस्तकं शंभराच्या आत मिळतात. प्रथमच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर २०१५ पासून गोष्टी मोफत आहेत, छापूनही घेता येतात. ग्रामपंचायतीला उत्पन्नातला १० टक्के निधी महिला-बालकल्याणासाठी ठेवावा लागतो, त्याचं काय झालं ते ग्रामसभेत विचारा. आणि आहेराचं तर बोलायलाच नको. टॉवेल-टोपी आणि झंपरपीस या घरातून त्या घरात फिरत राहतात, घडीसुद्धा मोडत नाही. त्यापेक्षा बाळंतविड्यात एक जाड पानांचं चित्रांचं पुस्तक ठेवा.

फक्त एक करा. वाटपाला मंडप घालू नका, पुढाऱ्याचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवू नका. गावातल्या लहान लेकरांची यादी अंगणवाडीताईंकडे असतेच. पहिल्या पानावर लेकराचं नाव घाला आणि गाड्या कारखान्याकडे निघायच्या आत घरोघर पोचवा. नमस्कार.