आधी चहा घ्या

दृश्य: सकाळ. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं एक गेट. पहिल्या पाळीचे कामगार सायकली, मोटरसायकली ढकलत आत जातायत. मागे पांडवलेणीचा डोंगर.

निवेदन:

माझ्या वडिलांची नोकरी गेली, तेव्हा त्यांच्या समोर चहाचा कप होता.

इथल्याच एका कंपनीत ते २१ वर्षं टर्नर होते. एक दिवस केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेबांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. म्हणाले, "आधी चहा घ्या." चहा संपेपर्यंत मुलांची चौकशी झाली, गावाकडच्या पावसाची झाली. कप बशीत टेकला, मग ड्रॉवर उघडला आणि कागद बाहेर आला. स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा नेमकी कुणाची, ते त्यावर लिहिलेलं नव्हतं. वडील त्या साहेबांना शिव्या देत नाहीत. एवढंच म्हणतात, "चहा चांगला होता. आल्याचा."

मी सुपरहिरोंचे सिनेमे बघत वाढलो, आणि त्या सिनेमांत मला हा साहेब सारखा भेटत राहिला. मुख्य खलनायक वेगळा. त्याला पंख असतात, शेपूट असते, शहर उडवायचं असतं. तसला माणूस नाशिकमध्ये मी तरी पाहिलेला नाही. मी म्हणतोय तो दुसरा, टाय लावलेला. तीन-चार प्रसंगांपुरता येतो, कुणाला तरी कामावरून काढतो, आणि मध्यंतरानंतर कुठेतरी मरतो किंवा विसरला जातो. पोस्टरवर त्याचा चेहरा नसतो. पण ती कामं करणारे नट बघा.

दृश्य: लांबलचक मीटिंग टेबल, रिकाम्या खुर्च्या.

२००२ चा 'स्पायडर-मॅन'. कंपनीचा प्रमुख नॉर्मन ऑस्बॉर्न (नट विलेम डफो) संचालक मंडळासमोर खुशीत आकडे वाचतोय. खर्च कमी झाला, शेअर वर गेलाय. मंडळ म्हणतं, वा, म्हणूनच कंपनी विकतोय, आणि घेणाऱ्यांना तुम्ही नको आहात. विलेम डफो इथे कोसळताना दिसतो, त्यामुळे सगळ्यांची नजर त्याच्यावरच राहते. माझी नजर जाते ती टेबलाच्या पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्यावर. तो जॅक बेट्स. साठच्या दशकात या माणसाने इटलीत जाऊन 'हंट पॉवर्स' या नावाने काउबॉय केले होते. घोडा, पिस्तूल, सगळं. आणि इथे त्याच्या वाट्याला काय, तर खुर्चीत बसून एक वाक्य: नॉर्मन, तू बाहेर. पण पिस्तूल चालवून झालेला माणूस ते वाक्य कसं म्हणतो, ते ऐकण्यासारखं आहे. घाई नाही. राग तर नाहीच.

पुढे हाच नॉर्मन ग्रीन गॉब्लिन होऊन या मंडळींचे जागच्या जागी सांगाडे करतो. थिएटरात त्यावर शिट्ट्या वाजल्या होत्या. पिक्चर बघणाऱ्यांत एमआयडीसीचं पब्लिक बरंच होतं, हे सांगायला हवं.

आता रुटगर हाउअर. १९८२ च्या 'ब्लेड रनर'मध्ये मरता मरता पावसात बोललेलं ते भाषण याचंच. मूळ संवाद त्याने स्वतः छाटला, आणि पावसात विरून जाणाऱ्या अश्रूंचं वाक्य स्वतःच्या मनाने घातलं. असा नट २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये कंपनीचा सीईओ होतो. नाव विल्यम अर्ल. वारस ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन, सात वर्षं बेपत्ता, म्हणून हा कंपनी शेअर बाजारात आणायला निघालाय. कायद्याने त्यात गुन्हा काहीच नाही. मॉर्गन फ्रीमनचा लुशियस फॉक्स तळघरात एकटा बसून जास्त प्रश्न विचारायला लागतो, तेव्हा अर्ल त्याला सांगतो की तुझं खातं दुसऱ्या खात्यात विलीन केलं आणि तुला काढलं. वर विचारतो, मेमो मिळाला नाही का?

हाउअरची गंमत अशी, की तो हे वाक्य छद्मी हसून म्हणत नाही. मेमो निघाला की नाही याचीच त्याला काळजी असावी, असं म्हणतो. शेवटी ब्रूस वेनने ट्रस्ट आणि संस्थांच्या नावाने गुपचूप शेअर गोळा केलेले असतात. अर्ल मीटिंगला येतो तर आत फॉक्स बसलेला. आता तेच वाक्य फॉक्स त्याला परत करतो. भाषणं देऊन अजरामर झालेला हाउअर इथे काही बोलत नाही. बॅटमॅनने आख्ख्या सिनेमात जेवढी हाणामारी केली, त्यापेक्षा मला हा हिशेब जास्त आवडतो.

दृश्य: कंपनीचं कँटीन. स्टीलच्या ताटांचा आवाज.

सॅम रॉकवेलचा जस्टिन हॅमर या मंडळींत जरा मोठा, 'आयर्न मॅन २' मधला, साल २०१०. शस्त्रं बनवतो, आणि त्याचं क्षेपणास्त्र ऐन वेळी फुसकं निघतं. स्टेजवर नाचत येतो. आपणच टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, आहोत असं त्याला वाटतं, म्हणजे वाटून घेतो. पण खरा हॅमर एका छोट्या प्रसंगात आहे. रशियन शास्त्रज्ञ काम वेळेत देत नाही, तर हॅमर शिक्षा काय करतो? त्याच्या उशा काढून घेतो. बूट काढून घेतो. डोक्यावर बंदूक नाही, विजेचा झटका नाही. उशा! ज्यांच्या कँटीनचं कुपन बंद झालंय, ज्यांच्या खात्याचा कूलर "दुरुस्तीला" गेलाय आणि परत आलेला नाही, त्यांना हा माणूस समजावून सांगावा लागत नाही.

'द डार्क नाइट', २००८, त्यात रीस नावाचा हिशेबनीस. नट जोशुआ हार्टो. याला कागदपत्रांतून बॅटमॅन कोण ते कळतं, आणि तो वर्षाला एक कोटी डॉलर मागतो, तेही जन्मभर. फॉक्स शांतपणे विचारतो: जो माणूस रात्री उघड्या हातांनी गुंडांची हाडं मोडतो असं तुझं म्हणणं आहे, त्यालाच तू ब्लॅकमेल करणार? हार्टोच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो तो बघा. बस, तेवढंच.

दृश्य: एक रिकामी फिरती खुर्ची. कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो.

आणि २०१२ चा 'द डार्क नाइट राइजेस'. बेन मेंडेलसन या ऑस्ट्रेलियन नटाने केलेला बांधकामवाला, डॅगेट. वेन एंटरप्रायझेस गिळायची म्हणून याने बेन नावाचा राक्षस, सिनेमाचा मुख्य खलनायक, पगारावर ठेवलाय. डाव फसतो तेव्हा डॅगेट ओरडतो, इथला मालक मी आहे. बेन उत्तरादाखल फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. आणि विचारतो, तुला मालक असल्यासारखं वाटतंय का?

हा प्रसंग बेनचा म्हणून गाजला. मी म्हणतो, तो मेंडेलसनचा आहे. हात ठेवणं सोपं. त्या हाताखाली माणसाची उंची कशी कमी होते, हे दाखवणं अवघड. आयुष्यभर प्रत्येक प्रश्न चेक फाडून सोडवलेला माणूस एवढंच म्हणू शकतो, मी तुला पैसे दिलेत. त्यानंतर मेंडेलसनला अशी कामं येतच राहिली. २०१८ च्या 'रेडी प्लेयर वन'मध्ये तर तो पुन्हा कंपनीचा साहेबच आहे.

आपल्याकडे हा साहेब पूर्वी टाय लावत नव्हता, टोपी घालायचा. 'सामना'तला निळू फुल्यांचा हिंदुराव आठवा. साखर कारखाना, गाव, माणसं, सगळं खिशात. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हॉलिवूडचा हा प्राणी ओळखायला वेळ लागला नाही, फक्त वाड्याच्या जागी काचेची बिल्डिंग आली.

दृश्य: सिटी सेंटर मॉलचा सरकता जिना.

२९ जून २०१२. 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' आपल्याकडे अमेरिकेच्या आधी लागला. वडील असले सिनेमे बघत नाहीत. त्या दिवशी आले ते इरफान खानसाठी, कारण मार्चमध्ये 'पानसिंग तोमर' पाहिला होता आणि त्याचं भूत अजून उतरलं नव्हतं.

इरफान इथे डॉक्टर रजित रथा, ऑस्कॉर्प कंपनीचा अधिकारी. मालक मरायला टेकलाय, औषध लगेच हवंय. शास्त्रज्ञ कॉनर्स म्हणतो, माणसांवर चाचणी इतक्यात नको. रथा म्हणतो, मग मी माजी सैनिकांच्या इस्पितळात जातो, फ्लूची लस म्हणून टोचतो. इतकं भयंकर बोलतानाही इरफानचा आवाज फारसा चढत नाही. डोळे नेहमीचे, अर्धवट झोपेतले. हा माणूस क्रूर नाही, हा उशीर झालेला माणूस आहे. वरून फोन आलेला असणार. मग तो कॉनर्सला काढून टाकतो.

अंधारात वडील माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, "याने चहा पण नाही विचारला."

पुढे पुलावर रथाची गाडी अडकते. औषध स्वतःलाच टोचून सरडा झालेला कॉनर्स गाड्या भिरकावत येतो, आणि त्यानंतर रथाचं काय झालं ते सिनेमा सांगतच नाही. त्याच्या मरणाचं दृश्य चित्रित झालं होतं, संकलनात कापलं गेलं. हॉलिवूडने इरफानला पुन्हा कोटच दिला. 'जुरासिक वर्ल्ड'मध्ये तो अख्ख्या पार्कचा मालक होता. तिथे निदान खलनायक तरी नव्हता.

दृश्य: धुकं. इगतपुरी स्टेशन. मग त्रिंगलवाडी किल्ल्याकडे जाणारा रस्ता.

ऑस्कॉर्पच्या या साहेबाची, म्हणजे इरफानची, जागा होती आमच्याच जिल्ह्यात, इगतपुरीला. आसपासच्या वस्तीला त्याने रुग्णवाहिका मिळवून दिली, शाळेतल्या मुलांना पुस्तकं दिली. वस्तीवरचे लोक त्याचा सिनेमा बघायला नाशिकला यायचे. २९ एप्रिल २०२० ला तो गेला. दुसऱ्याच दिवशी दादासाहेब फाळक्यांची दीडशेवी जयंती होती, जन्म त्र्यंबकेश्वरचा. टाळेबंदीत दोन्ही गोष्टी आम्ही घरात बसून मोबाइलवर वाचल्या. त्यानंतर त्या लोकांनी आपल्या वस्तीचं नाव बदललं. आता ती हिरोची वाडी.

मागच्या पावसाळ्यात वडिलांना घेऊन तिकडे गेलो. वाटेत घोटीच्या अलीकडे त्यांना मध्येच आठवलं.

"त्या स्पायडरमॅनमधल्या साहेबाचं काय झालं रे शेवटी?"

मी सांगितलं, मारला होता, पण ते कापलं.

वडील थोडा वेळ काचेबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "कापलं ते बरोबर केलं. साहेब लोक मरत नाहीत. बदली होते."

दृश्य: पाण्याने भरलेली भातखाचरं. चिखलात आवणीची रांग. मागे किल्ला, अर्धा ढगात. निवेदन नाही, फक्त पावसाचा आवाज.