होडी मंद करा, इंजिन नको

नमस्कार मंडळी. मी बोलायला उभा राहण्याआधीच पुढच्या रांगेतल्या एका ताईंनी मला गाठलं आणि विचारलं, "इंजिन अगदी कमीत कमी केलं तरी होडी पळतेच. आमिष नुसतं वर येऊन गोल गोल फिरतं. काय करू?" आजचं सगळं बोलणं म्हणजे या एकाच प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून प्रस्तावना गाळतो.

फक्त एक शब्द आधी वेगळा करून ठेवू. ट्रॉलर ही जाळं ओढणारी मोठी बोट, तिचं काम ते ट्रॉलिंग. आपलं ते ट्रोलिंग, म्हणजे चालत्या होडीमागे दोन-चार दोऱ्या सोडून गळ ओढत नेणं. लिहिताना एका चंद्राचा फरक, पण कामं पूर्ण वेगळी.

आता होडी पळते का? तुमच्या इंजिनाच्या पंख्यावर १३, १५, १७ असा आकडा कोरलेला असतो. पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकायला हवा, ते तो सांगतो. बाहेर टांगायचं साधारण इंजिन गिअर टाकून सर्वांत कमी चालीवर मिनिटाला ७०० फेरे घेतं असं धरा. खालच्या गिअरमध्ये ते निम्मे होतात, पंखा ३५० वेळा फिरतो. १७ इंची पंखा असेल तर मिनिटाला दीडशे मीटर, म्हणजे ताशी नऊ किलोमीटर झाले. पाण्यात पंखा घसरतो हे खरं, पण निम्मं वाया गेलं तरी होडी ताशी साडेचारने चालली. वारा मागून असला तर आणखी जास्त. इंजिनात दोष काही नाही. त्याला याहून कमी चालायला सांगणं हेच चूक आहे.

माशाला काय हवं? समुद्रात सुरमईमागे कडक बनावटी आमिष ओढायचं असेल तर पाच ते सात नॉट वेग चालतो, तिथे अडचणच नाही. पण गळाला मेलेला बांगडा लावला असेल तर दोन-तीन नॉटच्या वर जाऊ नये, तो फिरायला लागतो आणि दोरीला पीळ पडतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. गोड्या पाण्यात तर ताशी अडीच ते चार किलोमीटर पुरे. ही आपली साध्या चालण्याची गती, पर्वतीवरून उतरल्यावर रमतगमत घरी जातो तशी.

बरेच जण पहिला उपाय म्हणून स्क्रू फिरवून इंजिनाची कमीत कमी चाल आणखी खाली आणतात. मी इतकी वर्षं इंजिनं उघडतोय, तळमळीने सांगतो, हे करू नका. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेल जळत असतं. इंजिन गार राहिलं की तेल नीट जळत नाही, प्लग ओला आणि काळा होतो आणि इंजिन बसतं. कुठे बसतं? नेमकं खडकाजवळ, लाटा फुटतात तिथे, कारण मासा तिथेच असतो म्हणून आपणही तिथेच असतो. कंपनीने दिलेल्या चालीवरही टू-स्ट्रोक तासन्‌तास चालवायचं असेल तर दर अर्ध्या तासाने दोऱ्या गुंडाळून दोन-तीन मिनिटं जोरात पळवून आणा. जास्तीचे प्लग आणि पाना खिशात हवाच. काही नव्या इंजिनांत बटणाने पन्नास-पन्नास फेऱ्यांनी चाल कमी-जास्त करता येते. ती सोय कंपनीने विचार करून दिलेली असते, ती बेलाशक वापरा.

दुसरा उपाय गिअर टाकायचा, काढायचा, पुन्हा टाकायचा. थोडा वेळ चालतो. पण हात कसा ठेवायचा ते लक्षात घ्या. आपल्याला वाटतं, हळुवार टाकला तर गिअर जपला जाईल. उलट आहे. या इंजिनांत गिअरचे दात समोरासमोर येऊन अडकतात. हळू सरकवलात तर ते एकमेकांवर आपटत राहतात आणि कोपरे झडतात. चाल पूर्ण कमी करून, एका झटक्यात, ठामपणे टाका. कोकणातल्या डिझेल बोटींना आत बसवलेलं इंजिन असतं. तिथे हायड्रॉलिक गिअरबॉक्स असेल तर क्लच मुद्दाम घसरवणारा ट्रोलिंग व्हॉल्व्ह मिळतो. तो उघडा असताना इंजिन वाढवलं की क्लच जळतो, एवढंच सांगून पुढे जातो.

मला सर्वांत जास्त बोलायचंय ते या पिशवीबद्दल. कापडी शंकू आहे, पुढून मोठं तोंड, मागे लहान भोक. पाण्यात टाकली की छत्रीसारखी फुगते आणि होडीला मागे धरते. इंजिन आपल्या नेहमीच्या चालीवर सुखात चालतं, मंद होते ती होडी. सोबत आणखी एक फायदा आहे. वेग कमी झाला की सुकाणूवर पाण्याचा जोर कमी पडतो आणि वारा होडीचं तोंड फिरवतो. उन्हाळ्यात दुपारनंतर पानशेतच्या पाण्यावर पश्चिमेचा वारा सुटला की हे अनुभवायला मिळतं. पिशवी मागे ओढत असताना पंख्याला थोडा जोर लावावा लागतो, त्या जोराचं पाणी होडीला वळवतं, आणि तोंड सरळ राहतं.

ती बांधायची कुठे, यात चुकायला जागा नाही. पिछाडीला कधीही बांधू नका. मागून लाट आली की पिशवी होडीला उचलू देत नाही आणि लाट सरळ आत येते. पुढच्या किंवा मधल्या खुंट्याला बांधा, दोन्ही बाजूंना एकेक लहान पिशवी सर्वांत छान. आणि दोरी एवढी आखूड हवी की सोडल्यावर पिशवी पंख्यापर्यंत पोचताच कामा नये. श्रीवर्धनला एकदा मी घाईत लांब दोरी बांधली. वळताना ती पंख्यात गेली, इंजिन बंद पडलं आणि होडी आडवी झाली. बरोबर एक वयस्कर तांडेल, म्हणजे होडी हाकणारे प्रमुख, होते. त्यांनी आधी नांगर टाकला, मगच चाकू हातात घेतला. तो क्रम मी विसरलेलो नाही. शंकूच्या शेपटाला दुसरी बारीक दोरी बांधून ठेवा. मासा लागला की ती ओढायची, पिशवी उलटते आणि सहज वर येते. पिशवी नसेल तर बुडाला भोकं पाडलेली रंगाची बादली चालते, पण दोरी नुसत्या कडीला बांधू नका, कडी उपटून येते.

पंख्यामागे बसवायची बिजागरीची पत्रीही मिळते. खाली केली की पंख्याचं पाणी तिच्यावर आपटून जोर मरतो. काम चोख करते. पण ती खाली आहे हे विसरून कुणी इंजिन एकदम वाढवलं, तर पत्रीच नव्हे, पंख्याच्या वरची इंजिनाची आडवी पट्टीही वाकते. अशी दोन इंजिनं माझ्याकडे आली आहेत. तुमच्या हँडलला लाल फडकं बांधा, पत्री खाली असेपर्यंत ते तिथेच राहू द्या.

आता आपल्या पुण्याच्या धरणांबद्दल. खडकवासल्याचं पाणी आपण पितो. तिथे किंवा वरच्या कुठल्याही जलाशयात परवानगीशिवाय होडी घालू नका. आणि परवानगी मिळालीच, तर माझं आग्रहाचं सांगणं की बॅटरीवरची लहान मोटर वापरा. धूर नाही, तेलाचा तवंग नाही, आणि वेग हवा तितका खाली येतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी निम्मीच वापरायची. मोटरने २५ अँपिअर घेतले तर दोन तास धरा, परतीचा वारा हिशेबात घेऊन. याच मुळा-मुठेतल्या महसीर माशाचं वर्णन सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली खुद्री या नावाने केलं. लोणावळ्याला वळवणच्या तळ्याकाठी टाटांनी सत्तरच्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवली. तो गळाला लागला तर पाण्यातच हूक काढून सोडून द्या.

वेग मोजायचा कसा, हे मागून कुणीतरी विचारतंय. मोबाईल जमिनीवरचा वेग सांगतो, भरती-ओहोटीत तो फसवा ठरतो. आमिषाला पाण्यातला वेग कळतो. नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, वाळकं पान टाका आणि पिछाडीपर्यंत यायला किती सेकंद लागले ते मोजा. पाच मीटरच्या होडीला पाच सेकंद, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. आणि सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी चला. वळणात आतली दोरी मंदावते, बाहेरची वेग घेते. मासा कुठल्या बाजूला लागतो ते पाहिलं की वेग वाढवायचा की कमी करायचा, ते तोच सांगतो.

ताई, ही पिशवी टेबलावर ठेवतोय. दोन्ही दोऱ्या सोडा, आणि उलटवायची दोरी कुठली ते न बघता, हाताने चाचपून ओळखून दाखवा.