मिस्त्रीकाका थांबले की त्यांचं ज्ञान कुठं जातं?

राम राम मंडळी! आज जळगावातून, आमच्या डाळमिलमधून बोलतोय. मागं जो आवाज येतोय ना, तो एमरी रोलरचा. तुरीच्या सालाला तो आधी ओरखडे पाडतो. मग तेल लावलं की ते आत मुरतं आणि साल सैल होतं. पण तेल किती लावायचं, ऊन किती द्यायचं, पाणी कधी मारायचं? हे अचूक कळतं ते आमच्या मिस्त्रीकाकांना. आणि दिवाळीनंतर काका काम थांबवणार आहेत.

आम्ही म्हटलं, "काका, सगळं वहीत लिहून द्या." त्यांनी मनापासून दीड पान लिहिलं. त्यातलं एक अक्षर चुकीचं नाही, पण तेवढ्यावर डाळ होत नाही. काका दाणा दाताखाली फोडतात आणि सांगतात, "अजून एक ऊन पाहिजे." ते कागदावर कसं उतरवणार?

मायकेल पोलान्यी या विचारवंतानं १९६६ साली हेच मांडलं: माणसाला सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण जपानचं आहे. १९८५ साली मात्सुशिता कंपनी घरगुती पावाचं यंत्र बनवत होती. पाव काही जमेना. तेव्हा इकुको तनाका ही सॉफ्टवेअर बनवणारी बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला गेली. तिनं पाहिलं, तो कणीक नुसती ताणत नाही, ताणताना पीळ देतो! मग इंजिनिअरांनी यंत्राच्या आत तशा खास पट्ट्या बसवल्या. १९८७ साली यंत्र बाजारात आलं.

म्हणजे रस्ते दोन: लिहून साठवा, नाहीतर माणसाला माणसाशेजारी उभं करा. १९९९ साली हॅन्सन, नोहरिया आणि टियर्नी या अभ्यासकांनी सांगितलं, दोन्हीवर सारखा भर देऊ नका. एकावर ८० टक्के, दुसऱ्यावर २०. माझं स्पष्ट मत आहे, डाळमिलमध्ये ८० टक्के माणूसच.

म्हणून आता दोन पोरं रोज काकांसोबत असतात. परवा त्यातल्या एकानं विचारलं, "काका, आज ढिगावर ताडपत्री लवकर का टाकली?" काका म्हणाले, "वारा सुटला ना! वरची तूर आधी सुकते, मग डाळ तुटते."

इतक्या वर्षांत हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं, आणि काकांना वाटायचं, सगळ्यांना ठाऊकच असेल. ते वाक्य आता वहीत आहे, त्या पोराच्या अक्षरात.