टिटिकाकाला जाताना एक रात्र बेटासाठी ठेवा

मंडळी, पेरूतल्या टिटिकाका सरोवराबद्दल मघाशी चहाच्या वेळी तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘राजधानी लिमाहून थेट विमानानं जाता येतं ना?’ येतं. हुलियाकाला उतरायचं, तिथून सरोवराकाठचं पुनो तासाभरावर. पण तसं करू नका. लिमा समुद्राकाठी आणि टिटिकाकाचं पाणी ३,८१२ मीटरवर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर पाचशे मीटर उरतात. मुंबईत एका श्वासाला जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमीच तिथं मिळतो. विमानानं दीड तासात तिथं नेऊन टाकलंत, तर शरीर कुरकुरणारच.

आधी आरेकिपाला दोन रात्री काढा. ते सुमारे २,३०० मीटरवर आहे. मग बसनं पुनो, पहिला दिवस नुसता गावात. डोकेदुखीवरच्या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांशी निघण्याआधी बोला, तिथं गेल्यावर नाही. तिथले लोक कोकाच्या पानांचा किंवा मुन्याचा काढा देतात. मुन्या म्हणजे आपल्या पुदिन्याची लांबची बहीण. कोकाची पानं आठवण म्हणून भारतात मात्र आणू नका, विमानतळावर महागात पडेल.

आमच्या गटात दर रविवारी सिंहगड चढणारे एक गृहस्थ होते. सरोवरातल्या ताकिले बेटावर धक्क्यापासून गावापर्यंत पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. हे सुरुवातीला भराभर निघाले आणि वाटेतल्या दगडी कमानीखाली बसले ते बसलेच. शेजारून पाठीवर बटाट्याचं गाठोडं घेतलेल्या एक आजी, हातातली चाती फिरवत, एका लयीत वर गेल्या. टिटिकाकाचा वेग त्या आजींचा.

उरोस लोकांची तरंगती बेटं पुनोहून अर्ध्या तासावर. तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या मुळांचे ठोकळे एकमेकांना बांधायचे, वर कापलेल्या तोतोऱ्याचे आडवे-उभे थर. पेंढ्याच्या गंजीवर चालल्यासारखं पाऊल दबतं. खालचा थर कुजत जातो, म्हणून वरून नवा घालत राहायचा. हे सगळं पाहुण्यांसाठी मांडलेलं नाटक आहे, अशी तक्रार तुम्ही ऐकाल. थोडी खरी आहे. पण त्या नाटकावर घरं चालतात, आणि तोतोरा रोज कापावा लागतो तो खराच.

बहुतेक सहली उरोस आणि ताकिले एका दिवसात उरकतात. तीन तास बोट, जेवण, परत तीन तास. मी म्हणेन, एक रात्र आमांतानी बेटावर राहा. तिथं घरोघरी पाळीपाळीनं पाहुणे वाटून देतात. रात्री किन्वा या तिथल्या धान्याचं सूप, उकडलेले बटाटे, तळलेलं चीज. बटाटा मूळचा याच मुलखातला. शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, पीक इथल्या शेतकऱ्यांनी. तिथं पाणी ८८ अंशाच्या आसपासच उकळतं, म्हणून भात शिजायला वेळ लागतो. घाई करू नका. संडास बऱ्याचदा अंगणापलीकडे, तेव्हा बॅटरी हवी. जून-जुलैत आकाश स्वच्छ, पण रात्री गोठवणाऱ्या. डिसेंबर ते मार्च पाऊस.

सहल ठरवताना एक प्रश्न जरूर विचारा: बोट कुणाची? ताकिलेच्या लोकांनी एकेकाळी स्वतःच्या बोटी बांधून पर्यटकांची वाहतूक हातात ठेवली होती. १९९० च्या दशकात मक्तेदारीविरोधी कायद्यानं ती सुटली आणि पुनोच्या एजंटांकडे गेली. बेटवाल्यांच्या बोटी आजही आहेत. जरा सावकाश जातात, एवढंच.

आणि ताकिलेला विणकाम बघाच. तिथं टोप्या पुरुष विणतात. २००५ मध्ये युनेस्कोनं या कलेची दखल घेतली. लग्न झालेल्याची टोपी पूर्ण लाल, अविवाहिताची वरच्या बाजूला पांढरी. आमच्या सिंहगडवाल्यांनी हौसेनं पांढऱ्या शेंड्याचीच घेतली. धक्क्यावरच्या बायका तोंडावर शाल धरून का हसत होत्या, ते त्यांना पुनोला पोचल्यावर कळलं. त्यांच्या सौभाग्यवती शेजारीच उभ्या होत्या.