उंबऱ्याच्या आतला हक्क

नमस्कार श्रोतेहो. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. आमची घटना आमचीच घटनासमिती करील, ही मागणी तिथे पुन्हा ठणकावून मांडली गेली. पुढे ती समिती बसली, तेव्हा घराच्या झडतीचा प्रश्न निघालाच.

डॉ. आंबेडकरांच्या १९४७ च्या मसुद्यात अवाजवी झडतीविरुद्ध संरक्षण होतं. तपासात अडथळा येईल म्हणून घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव आणि सदस्य अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी हरकत घेतली आणि कलम गळालं. डिसेंबर १९४८ मध्ये वऱ्हाडातल्या काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अमेरिकी घटनेच्या धर्तीवर तशीच दुरुस्ती सुचवली. आंबेडकर ती घ्यायला तयार होते, तरी शेवटी ती नामंजूर झाली.

ही गळती महागात पडली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी म्हटलं, असं कलम आपल्या घटनेत नाही, मग ते आणायचं कुठून? १९६२ च्या खरकसिंग खटल्याचा निकाल तर चमत्कारिकच: पोलिसांनी रात्री दार ठोठावणं घटनाबाह्य, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नव्हे! अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क कलम २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात आहे, असं सांगितलं.

आता आपल्या ओट्यावर या. झडतीला त्याच भागातले दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ पंच लागतात. ते मिळाले नाहीत किंवा यायला तयार झाले नाहीत, तरच दुसऱ्या भागातले चालतात. घरमालकाला झडतीच्या वेळी हजर राहता येतं. बाईची अंगझडती बाईनेच, शालीनता राखून घ्यायची. जप्तीची यादी जागेवरच करायची. कपाशीच्या गंजीखालून काय निघालं, धान्याच्या कोठीतून काय, हे वेगवेगळं लिहून पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि प्रत घरमालकाला द्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या सगळ्याचं चित्रीकरणही सक्तीचं आहे.

घोळ होतो तो पंचनाम्यात. यादी ठाण्यात जाऊन लिहिली जाते, पंच ‘साहेब म्हणाले’ म्हणून कोऱ्या कागदावर सही ठोकतात आणि उलटतपासणीत गडबडतात. पण एवढ्यावर आरोपीने हुरळून जाऊ नये. झडतीत चूक निघाली म्हणून सापडलेला माल पुराव्यातून आपोआप बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगून ठेवलंय.