नग एकच हवा असतो तेव्हा

(कोल्हापुरात ओतकाम व्यावसायिक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

ओतकामातलं तुम्हां मंडळींना मी काय सांगणार? ऑईल इंजिनांचे परदेशी पार्ट मिळेनात तेव्हा ते इथंच ओतायचे, या सवयीतून तुमचं उद्यमनगर वाढलं. माझं काम त्याच जातीचं आहे: जुन्या गाड्यांचे बाजारात न मिळणारे भाग बनवायचे. फरक एवढाच, की तुमच्याकडे ऑर्डर हजारात येते आणि माझ्याकडे एका गाडीपुरती.

उदाहरण घेऊ फियाट ११०० चं, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीचं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. टॅक्सीवाल्याला गाडी रोज पळवायची असायची, म्हणून पिस्टन, बेअरिंग, क्लच प्लेट यांचा बाजार टिकला. दाराच्या हँडलची चमक गेली म्हणून त्याचा धंदा थांबत नव्हता. त्यामुळे आज इंजिन उभं करणं त्या मानानं सोपं, आणि जीव काढतात त्या क्रोमच्या वस्तू.

त्या काळातलं बाहेरचं हँडल बहुधा मझाकचं, म्हणजे जस्तात चारेक टक्के अॅल्युमिनियम मिसळलेलं. क्रोमच्या बारीक छिद्रांतून ओल आत गेली की जस्त फुगतं आणि वर फोड येतात. वेल्डिंग करावं तर ते ४०० अंशांच्या आतच वितळून खाली येतं. दोन नगांसाठी डाय, म्हणजे धातूचा कायमचा साचा, बनवणं परवडत नाही. मग वाळूच्या साच्यात पितळ ओतायचं. पितळ घासायला चांगलं, प्लेटिंगही छान धरतं.

इथं नवखा माणूस जुनं हँडलच पॅटर्न, म्हणजे साचा उमटवायचा नमुना, म्हणून वाळूत दाबतो. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. १२० मिलिमीटरचं हँडल ११८ वर येतं आणि बोल्टची भोकं दारावर जुळत नाहीत. शिवाय मूळ हँडल अंगठ्यानं आणि पॉलिशनं आधीच झिजलेलं असतं. दोन्ही चुका एकाच दिशेला जातात. हल्ली स्कॅन करून थ्रीडी प्रिंट काढतात आणि सॉफ्टवेअरमध्ये दीड टक्का वाढवतात. चांगलं आहे, पण सॉफ्टवेअर झीजही तेवढ्याच इमानानं मोठी करतं.

म्हणून मी म्हणतो, माप हँडलला विचारू नका, दाराला विचारा. भोकांमधलं अंतर पत्र्यावर मिळतं. हँडलच्या बुडाचा आकार गॅस्केट काढलं की रंगावर छापलेला दिसतो, कारण तिथं ऊन पोचलेलं नसतं. ज्या दारानं कमी माणसं चढली, बहुधा मागच्या, त्याचं हँडल कमी झिजलेलं असतं. आणि दार कधी ठोकून सरळ केलेलं असू शकतं, म्हणून दुसऱ्या दाराशी ताडा. एवढं झाल्यावर पॅटर्न बनवा, आणि भोकं ओतू नका, नंतर ड्रिल करा.

प्लेटिंगवाल्याकडे नग देण्याआधी बफिंग पुरं करा. वरचा क्रोम मायक्रॉनच्याही अंशाएवढा पातळ असतो. चमक खालच्या निकेलची असते. कास्टिंगमधला खड्डा क्रोमनं झाकत नाही, उलट उठून दिसतो. तयार नगावर आतल्या बाजूला वर्ष ठोकून ठेवा. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाच्या, फिवाच्या, ट्युरिन सनदेतही नवे भाग ओळखू येतील असे ठेवावेत असं म्हटलंय. मला ते पटतं. उद्या कुणी तेच हँडल प्रीमियरच्या कुर्ल्याच्या मूळ कारखान्यातलं म्हणून विकायला नको.

रबराचं थोडक्यात. काचेभोवतीच्या बीडिंगला, म्हणजे रबरी पट्टीला, ईपीडीएम जातीचं रबर उत्तम, उन्हात टिकतं. पण तेच पेट्रोलच्या वाटेवर घातलंत तर फुगेल. तिथं नायट्राइल हे दुसरं रबर हवं. नेहमीच्या ग्लायकॉलवाल्या ब्रेक ऑईलमध्ये याच्या बरोबर उलट, तिथं नायट्राइल फुगतं. दिसायला दोन्ही काळीच! दुकानदार ‘चालतंय की’ म्हणाला तरी कोणतं रबर ते विचारा.

आणि ब्रेकची रबरं मी स्वतः बनवत नाही. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, झिजला असेल तर आत स्लीव्ह बसवून तो मूळ मापाला आणतो, कारण ते मायक्रोमीटरवर तपासता येतं. आतलं किट मात्र नामांकित कंपनीचं, त्याच बोअरच्या मापाचं, मग ते दुसऱ्या गाडीचं का असेना. ते मिळेपर्यंत गाडी वर्कशॉपमध्येच उभी राहते, मालक कितीही घाई करोत.